आकडे आपले, वाचणारे मात्र दुसरेच

साप, विंचू चावलेली माणसं डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरून कासा रुग्णालयात येतात. कोणता उपचार लागू पडतो, हे कोण ठरवतं? भगत नाही, मोठे डॉक्टरसाहेबही नाहीत. पुरावा ठरवतो.

महाड म्हटलं की आपल्याला १९२७चं चवदार तळं आठवतं. त्याच महाडात डॉ. हिंमतराव आणि डॉ. प्रमोदिनी बावस्करांनी विंचूदंशाच्या ७० रुग्णांवर चाचणी केली. २०११ साली ती ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आली. ३५ जणांना नुसतं प्राझोसिन, ३५ जणांना सोबत प्रतिविषही. दहा तासांनी प्रतिविष घेतलेल्यांतले ३२ पूर्ण बरे, दुसऱ्या गटातले फक्त ८! हे कळायला एमबीबीएस लागत नाही. लेखही इंटरनेटवर फुकट आहे.

असे अभ्यास तपासून कसे वाचायचे, हे शिकवणारे ऑनलाइन कोर्स आहेत. 'स्वयम्'वर शिकणं मोफत, पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. अडचण इंग्रजीची आहे आणि ती खरी आहे. म्हणून एकट्याने मोबाईल घेऊन बसू नका. विहारात, वाचनालयात, वारली मित्रमैत्रिणींसोबत बसा. ज्याला जेवढं कळलं तेवढं त्याने मराठीत, वारलीत सांगावं.

आरोग्यातल्या माहितीशास्त्राचंही तसंच. क्षयरुग्णांची नोंद २०१२पासून 'निक्षय'वर होते. आशाताई, नर्सताई माहिती भरतात, ती वर जाते. पाड्यावर परत काय येतं? ग्रामसभेत 'इतके बरे झाले' असं कुणी सांगितलं, तर 'कितीपैकी?' हे विचारणारं पोरगं आपलं असायला हवं. आणि मधेच उपचार सोडलेले कुठे गेले, हेही त्यानेच विचारावं.

जय भीम! जय जोहार!