आरशातील भोर-वेल्हे

शोभादर्शक नळीचा शोध स्कॉटिश शास्त्रज्ञ डेव्हिड ब्रूस्टर यांनी १८१६ साली लावला व पुढच्याच वर्षी तिचे पेटंट मिळवले. तथापि नकला करणाऱ्यांनी बाजार व्यापला आणि शोधकाच्या पदरी फारसे काही पडले नाही. आज तर नळीचीही गरज उरलेली नाही. ‘गिम्प’सारख्या मोफत संगणकप्रणालीत कोणत्याही छायाचित्राची तशी नक्षी होते.

साधन फुकट झाले म्हणजे मोल उरते ते त्यात काय घातले याला. भोर आणि वेल्हे यांच्यापाशी हे भांडवल विपुल आहे: भोरच्या राजवाड्याचे लाकडी खांब, भाताची खाचरे, २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या राजगडाची संजीवनी माची. गुंजवण्याहून गड चढणाऱ्यांना सरबताबरोबर अशा नक्षीची भेटपत्रे विकता आली, तर त्यात गैर काय?

मात्र तयार कळ दाबून मुले काहीच शिकणार नाहीत. छायाचित्रातून साठ अंशांची पाचर कापावी, तिची उलटी प्रत तिला जोडावी आणि ही जोडी १२० अंशांनी दोनदा फिरवून वर्तुळ पुरे करावे. बहात्तर अंशांच्या पाच पाचरींनीही वर्तुळ भरते, पण शेवटचा सांधा जुळत नाही, कारण पाचरींची संख्या सम हवी. ही चूक एकदा हातून घडली की भूमितीचा एक धडा कायमचा पक्का होतो. यासाठी शुल्क घेऊन प्रमाणपत्रे वाटणाऱ्या वर्गांची आवश्यकता नाही. शाळेतला संगणक आणि चित्रकलेचा तास एवढे पुरे. (तो तास बहुधा गणितालाच दिलेला असतो, ही गोष्ट वेगळी.)

आक्षेप आहे तो दुसराच. नक्षीत चित्राचा एकच तुकडा सहा वेळा दिसतो आणि उरलेले चित्र टाकून दिले जाते. भाटघरच्या जलाशयावरील लाट फिरवली की सुरेख कमळ उमलते. परंतु त्या पाण्यातून उन्हाळ्यात वर येणारे कांबरेश्वराचे मंदिर त्या कमळात नसते, आणि तेच पाणी नीरेच्या कालव्यांनी बारामती, इंदापूर, फलटणकडे जाते, याचाही तेथे मागमूस नसतो. आकडेवारीचे अहवालही पुष्कळदा असेच सजवलेले असतात. म्हणून प्रत्येक नक्षीच्या पाठीवर मूळ छायाचित्र, स्थळ आणि दिनांक छापावा, आणि वर्गात आधी ती बाजू दाखवावी.