पाठवणीलाच डीव्हीडी का अटकते?

लग्नाची डीव्हीडी बिघडली अशी तक्रार घेऊन गिऱ्हाईक दुकानात आले, की आधी विचारावे : अटकते कुठे? हळदीत अटकली असे सांगणारा क्वचित भेटतो. सीमांतपूजन स्वच्छ दिसते, मंगलाष्टका नीट ऐकू येतात, आहेर, पंगती, सगळे सुरळीत चालते. मुलगी आईच्या गळ्यात पडते आणि नेमके तिथे चित्राचे चौकोन व्हायला लागतात. विंचूरच्या तीनपाटीपासून लासलगाव, निफाड, येवल्यापर्यंत ज्यांनी दहा-पंधरा वर्षे मिक्सिंगची कामे केली आहेत, त्यांना हे नवे नाही. नवे असले तर एवढेच, की यात नशिबाचा काही संबंध नाही.

डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते. डिस्कच्या केंद्रापासून साधारण २४ मिलिमीटरवर मजकूर सुरू होतो आणि ५८ मिलिमीटरवर, म्हणजे जवळजवळ कडेला, संपतो. लग्नाच्या क्रमात पाठवणी शेवटी, म्हणून डिस्कवरही ती कडेला. आणि ब्लँकवर ‘१६ एक्स’ छापलेले असते तो वेग फक्त त्या कडेलाच गाठला जातो. मोटर सारख्या फेऱ्यांनी फिरते, त्यामुळे आतल्या भागात वेग सहा-साडेसहा एक्सच्या आसपास असतो आणि बाहेर सरकत सरकत तो सोळाला पोचतो. तेव्हा डिस्क मिनिटाला नऊ हजारांहून अधिक गिरक्या घेत असते. किंचित वाकडेपणा असला तर कडच सर्वांत जास्त हलते. डिस्कवर रंगाचा थर फिरवून पसरवतात, तोही कडेलाच कमी-जास्त होण्याची भीती असते. सगळ्यात अवघड जागा, तिथे सगळ्यात जास्त वेग आणि तिथेच आपल्या गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत पाणी आणणारा प्रसंग.

आता वेळेचा हिशेब मांडू. १ एक्सवर पूर्ण भरलेली डीव्हीडी लिहायला सुमारे ५८ मिनिटे लागतात, ४ एक्सवर १५, ८ एक्सवर ८ आणि १६ एक्सवर सहाला थोडी कमी. आठवरून सोळावर उडी मारल्याने एका डिस्कमागे दोन-अडीच मिनिटे वाचतात. दहा प्रती काढायच्या असतील तर अर्ध्या तासाचेही अंतर पडत नाही. तेवढ्यासाठी पाठवणी पणाला लावण्यात काय शहाणपण आहे, हे ज्याचे त्याने ठरवावे.

पण म्हणून ‘जितके हळू तितके चांगले’ हा आपल्या धंद्यातला जुना उपदेशही आम्हाला मान्य नाही. तो सीडीच्या काळातून चालत आला आहे आणि उस्ताद आपल्या हाताखालच्या पोराला आजही तोच देतो. १६ एक्सच्या ब्लँकमधला रंग थोड्या वेळात जास्त ताकदीच्या लेसरने तापावा असा बनवलेला असतो. ६५० नॅनोमीटरचा लेसर त्यावर ०.४ मायक्रॉनपासून पुढच्या लांबीच्या खुणा उमटवतो. हळू लिहिताना तो तुकड्यातुकड्यांनी चालू-बंद करून खूण पुरी करावी लागते. वेगात लिहिताना एकाच लांब झोतात, फक्त दोन्ही टोकांना ताकद वाढवून. या दोन निराळ्या रीती आहेत. वेगासाठी बनवलेल्या रंगावर हळू लिहायला गेलो तर उष्णता पुढे-मागे पसरते आणि खुणेची टोके धूसर होतात. म्हणूनच १६ एक्सची ब्लँक टाकल्यावर बरेच रायटर ४ एक्सचा पर्यायच दाखवत नाहीत. तो बिघाड समजू नये. कंपनीने त्या ब्लँकसाठी त्या वेगाची रीत दिलेली नसते.

रायटरला ही रीत कळते कशी, इथे खरी गोम आहे. प्रत्येक ब्लँकमध्ये ती कुठल्या कारखान्याची आणि कुठल्या जातीची, याचा संकेत कारखान्यातच कोरलेला असतो. रायटर डिस्क आत घेतल्याबरोबर तो वाचतो, आपल्या फर्मवेअरमधल्या यादीत शोधतो आणि त्या जातीसाठी ठरवलेली रीत वापरतो. संकेत यादीत नसला तर ‘अनोळखी पाहुणा’ म्हणून सरधोपट रीत लावतो, बहुधा वेगही कमी करतो. त्यानंतर आतल्या कडेजवळच्या राखीव जागेत लेसरची ताकद चाचपून घेतो. पण आतल्या बाजूला १६ एक्स गाठायचा तर डिस्क मिनिटाला वीस हजारांवर फेऱ्यांनी फिरवावी लागेल, आणि ते शक्य नाही. त्यामुळे कडेला किती ताकद लागेल याचा रायटरला अंदाज बांधावा लागतो. काही रायटर बाहेरच्या कडेलाही चाचणी घेतात, लिहिता लिहिता ताकद सुधारत जातात. पण सगळेच तसे करत नाहीत. ब्लँक चांगली, रायटर चांगला, आणि तरी दोघांचे जमत नाही असे होते ते यामुळे.

विंचूरच्या उपबाजारात ट्रॅक्टरभर कांद्याची बोली लावण्याआधी व्यापारी चार कांदे हातात घेतो, साल चोळून पाहतो. आपण मात्र नाशिकच्या महात्मा गांधी रोडवरून पन्नासचा डबा आणतो तो वरचे नाव वाचून. नाव आणि कारखाना या वेगळ्या गोष्टी आहेत, हे गेल्या काही वर्षांत तर जास्तच खरे झाले आहे. मोझर बेअरची ब्लँक एके काळी आपल्याकडे खेड्यापाड्यात मिळायची. याच कंपनीने ३४ रुपयांत सिनेमाची डीव्हीडी विकून बाजार हलवला होता. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघून तिच्या विक्रीचा आदेश झाला. जपानची तायो युडेन, जिच्या ब्लँकला जाणकार डोळे मिटून पसंती देत, ती २०१५ च्या अखेरीस या धंद्यातून बाहेर पडली. व्हर्बाटिम हे नाव मित्सुबिशी केमिकलकडून तैवानच्या सीएमसी मॅग्नेटिक्सकडे २०१९ मध्ये देण्याचे ठरले. तेव्हा ‘आम्ही दहा वर्षे हीच वापरतो’ या वाक्याला आज फारसा अर्थ उरलेला नाही. डब्यावर नाव तेच असले तरी आतला माल तोच असेल याची खात्री नाही.

संकेत पाहायला खर्च येत नाही. इमेजबर्न हे फुकट सॉफ्टवेअर उघडा, ब्लँक टाका, उजव्या बाजूच्या चौकटीत डिस्क आयडी येतो. ‘एमसीसी’ ने सुरू झाला तर मित्सुबिशी केमिकलची जात, ‘सीएमसी मॅग’ असेल तर सीएमसी, ‘एमबीआय’ असेल तर मोझर बेअर. त्याच चौकटीत खाली हा रायटर या ब्लँकवर कोणकोणत्या वेगांनी लिहायला तयार आहे तेही दिसते. या दोन ओळी बिलाच्या मागे लिहून ठेवा. मात्र संकेतावरही आंधळा विश्वास नको. तायो युडेनचा संकेत चोरून छापलेल्या नकली ब्लँक बाजारात येऊन गेल्या आहेत. इमेजबर्नची शेवटची आवृत्ती २०१३ ची, आणि बहुतेक रायटरची फर्मवेअरही तेव्हाच्याच आगेमागे थांबली. म्हणजे नवीन जातीची ब्लँक ओळखायला आपल्या रायटरला कोणी शिकवणार नाही. चाचणी आपणच घ्यायची.

ती अशी घ्यावी. नवा डबा फोडला की त्यातली एक ब्लँक ८ एक्सवर आणि एक १२ एक्सवर, दोन्ही पूर्ण भरून राइट करा. अर्धी भरलेली डिस्क परीक्षेला चालत नाही, कारण परीक्षा कडेची आहे. नंतर नीरो डिस्कस्पीड किंवा ऑप्टी ड्राइव्ह कंट्रोलमध्ये चुकांचा आलेख काढा. सगळे रायटर हा आलेख देत नाहीत. लाइट-ऑनचे रायटर त्यासाठी नावाजलेले. पहिल्या फळीतल्या, म्हणजे पीआय, चुका लागोपाठच्या आठ ब्लॉकमध्ये २८० च्या आत आणि दुसऱ्या फळीतल्या, पीआय फेल्युअर म्हणतात त्या, एका ब्लॉकमध्ये ४ च्या आत राहाव्यात, असे प्रमाण आहे. घरच्या रायटरवरचे आकडे प्रयोगशाळेतले नसतात, म्हणून दुसऱ्याच्या आकड्यांशी आपले ताडून पाहू नयेत. आपल्याच रायटरवर ८ आणि १२ यांची तुलना करावी. आलेख शेवटच्या दहाव्या हिश्शात डोंगरासारखा वर चढला, तर तो वेग त्या ब्लँकला झेपत नाही. बहुतेक वेळा ८ जिंकेल. कधीकधी १२ जिंकेल, तेव्हा आश्चर्य वाटू देऊ नका.

लॅपटॉपमधला किंवा यूएसबीला लावायचा बारका रायटर असेल तर त्याची कमाल मर्यादाच बहुधा ८ असते. मोठ्या रायटरला आठ म्हणजे निम्मी चाल. बारक्याला तीच पूर्ण धाव. त्याला ६ वर चालवून पाहावे. आणि तो हबमध्ये न लावता थेट संगणकाला लावावा. हबमधून वीज कमी पडली की लेसर अडखळतो. लाइट जाण्याचे तर सांगायलाच नको. बफर रिकामा झाला तर रायटर थांबून पुन्हा जोडून घेतो, वीज गेल्यावर नाही. यूपीएस नसेल तर लोडशेडिंगच्या तासात राइट करायला बसूच नये.

‘व्हेरिफाय’ची खूण हिरवी झाली म्हणजे काम झाले, असे समजणारे बरेच आहेत. ज्या रायटरने लिहिले तोच वाचतो, तो स्वतःच्या अक्षराला सांभाळून घेणारच. दुसऱ्या संगणकात आणि एका जुन्या, घासलेल्या प्लेअरमध्ये शेवटची पाच मिनिटे चालवून पाहा. जुन्या प्लेअरसाठी डीव्हीडी-आर सुरक्षित. प्लस-आर वापरायची असेल आणि रायटर करू देत असेल तर बुकटाइप, म्हणजे डिस्कवरची प्रकाराची नोंद, ‘डीव्हीडी-रॉम’ करून घ्या. डबल लेयरच्या वाटेला जाऊ नये. कागदी स्टिकरच्या तर मुळीच जाऊ नये : वेगात फिरताना तो डिस्कचा तोल घालवतो, उन्हाळ्यात सुकून ओढ घेतो.

कडेचा प्रश्न सोडवायचा आणखी एक बिनखर्ची मार्ग आहे, तो म्हणजे कडेपर्यंत जायचेच नाही. ४.७ जीबीची डिस्क संगणकाच्या मोजणीत ४.३८ भरते. ४.२ वर थांबलात तर बाहेरचा सुमारे एक मिलिमीटरचा पट्टा कोरा राहतो, आणि घात करतो तो बहुधा तेवढाच पट्टा. यासाठी दोन तासांच्या लग्नाला चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सरासरी ५ मेगाबिट ठेवावे लागतात, ते पुरेसे आहेत. तीन तासांचे लग्न एकाच डिस्कमध्ये कोंबायला गेलात तर सरासरी सव्वातीनवर येते. मग वरातीतल्या नाचाचे चौकोन होतात ते रायटरमुळे नव्हे. दोन डिस्क द्या आणि दोन डिस्कचे पैसे घ्या.

एवढा खटाटोप कशाला, लग्न आता पेनड्राइव्हवर जाते, असे कोणी म्हणेल. जाते, आणि जावे. तरी आपल्यापैकी ज्यांनी रायटर फेकलेला नाही त्यांना तो का लागतो हे ठाऊक आहे : पंचनाम्याचे शूटिंग, निवडणुकीचे शूटिंग, वकिलाने मागितलेली प्रत. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याच्या निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या कार्यालयातले चित्रीकरण एका खटल्याचा कणा झाले. उमेदवारी अर्ज २७ सप्टेंबरला दुपारी ३ च्या आत दाखल झाला की नंतर, हा वाद होता. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात १४ जुलै २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत सादर करायची तर कायद्यातले प्रमाणपत्र लागतेच. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचे हॅश मूल्य, म्हणजे फाइलच्या प्रत्येक बिटावरून निघणारा आकडा, तोही भरावा लागतो.

हॅशमुळे आपल्या कामाची पत बदलली आहे. लग्नात चार चौकोन उमटले तर गिऱ्हाईक चिडते आणि चहा पिऊन जाते. हॅशच्या फाइलमध्ये एक सेक्टर वाचता आला नाही तर आकडा निघतच नाही, एक बिट बदलला तर आकडा पूर्ण वेगळा येतो. दुरुस्त होण्याजोग्या चुका प्लेअर-रायटर आपोआप दुरुस्त करतात, त्यांनी हॅश बदलत नाही. पण त्या आजच काठोकाठ असतील, तर तारखा पडत पडत तीन वर्षांनी डिस्क कोर्टात उघडेल तेव्हा सावरायला जागा उरलेली नसेल. म्हणून अशा कामाला पुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू नको, एकाच सत्रात लिहून डिस्क बंद करावी, राइट झाल्यावर डिस्कवरच्या फाइलचा हॅश काढून मूळ फाइलशी जुळवावा आणि दोन वेगवेगळ्या जातींच्या ब्लँकवर दोन प्रती काढाव्यात. पाण्याच्या शाईच्या पेनने मधल्या पारदर्शक कड्यावर क्रमांक लिहावा. कागदोपत्री काय भरायचे ते वकिलाने सांगावे, आपण डिस्क वाचता येईल एवढे पाहावे.

तुळशीचे लग्न लागले, तारखा धरायला सुरुवात झाली. पुढच्या अंकात या पट्ट्यातला तक्ता छापायचा विचार आहे. आपल्या रायटरचे मॉडेल आणि फर्मवेअरचा क्रमांक, ब्लँकचा डिस्क आयडी, डीव्हीडी-आर की प्लस-आर, लिहिण्याचा वेग, आणि पूर्ण भरलेल्या डिस्कच्या शेवटच्या भागातला पीआय चुकांचा सर्वांत मोठा आकडा, एवढे एका पोस्टकार्डावर मावते. ब्रँडचे नाव लिहिले नाही तरी चालेल. डिस्क आयडी नसलेले कार्ड मात्र तक्त्यात घेता येणार नाही.