जेम्स बाँडचा साहेब आणि 'तलवार'वरची पोरं

जेम्स बाँड कुणाला माहीत नाही? पण त्याला ऑर्डर सोडणारा खडूस 'एम' ज्याच्यावरून सुचला असं मानतात, तो माणूस आपल्याकडे नोकरी करून गेलाय! नाव अॅडमिरल जॉन गॉडफ्रे.

१९०३ मध्ये पोरवयातच ब्रिटिश नेव्हीत भरती. पहिल्या महायुद्धात दार्दानेल्सची मोहीम, पुढे 'रिपल्स' या युद्धनौकेचा कॅप्टन आणि १९३९ मध्ये थेट नौदलाच्या गुप्तहेर खात्याचा प्रमुख. बाँडचा लेखक इयान फ्लेमिंग त्याचाच असिस्टंट. बायोडेटा एकदम झकास! १९४३ मध्ये त्याला रॉयल इंडियन नेव्हीचा प्रमुख करून भारतात धाडलं. (तेव्हा सरदार पटेल आपल्या नगरच्या किल्ल्यात कैदेत होते.)

१८ फेब्रुवारी १९४६. मुंबईत कुलाब्याला 'तलवार' नावाचं नेव्हीचं सिग्नल स्कूल होतं. तिथल्या नाविकांनी, म्हणजे वायरलेस शिकलेल्या, साधारण आपल्याच वयाच्या पोरांनी, संप पुकारला. जेवण भिकार, गोऱ्यांपेक्षा पगार कमी आणि कमांडर किंग तोंडाला येईल त्या शिव्या द्यायचा. बघता बघता ७८ जहाजं आणि वीसेक हजार नाविक संपात उतरले.

लोक म्हणतात, युद्धात नेव्ही भराभर वाढली, गॉडफ्रे एकटा काय करणार? मला नाही पटत. तीन वर्षं तोच प्रमुख होता. आणि खबर नव्हती असंही नाही. 'तलवार'च्या भिंतींवर 'भारत छोडो' रंगवलेलं आधीच सापडलं होतं, किंगविरुद्ध तक्रारीही झाल्या होत्या. पण जर्मनांची बारीकसारीक माहिती गोळा करणाऱ्या या साहेबाच्या नेव्हीत आपल्याच नाविकाच्या तक्रारीला कुणी माहिती समजतच नव्हतं! उद्या आपण नागापूर एमआयडीसीत ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागू, तेव्हा वर्करने कँटीनच्या डाळीबद्दल तोंड उघडलं तर आपणही 'रिकामी कटकट' म्हणूनच सोडून देणार का?

गॉडफ्रेने काय केलं? रेडिओवरून धमकी दिली, की अख्खी नेव्ही नष्ट झाली तरी चालेल, पण शरण या. मुंबईत गिरण्या बंद पडल्या, रस्त्यांवर गोळीबारात दोनशेहून जास्त माणसं मेली. शेवटी पटेलांच्या शब्दावर २३ तारखेला नाविकांनी शरणागती पत्करली. नंतर चौकशी आयोगानेही जेवण, पगार, वर्णभेद हीच कारणं सांगितली. तोवर शेकडो नाविकांना घरी पाठवलं होतं. गॉडफ्रेही त्याच वर्षी मायदेशी परतला.

कुलाब्यात या उठावाचं स्मारक आहे. पुढच्या वेळी इंडस्ट्रियल व्हिजिटला मुंबईला गेलो, तर गेटवेवर फोटो काढून झाले की तिकडेही जाऊ या.