जुने कापड, नवा धागा आणि न आलेली ऑर्डर

17 सप्टेंबर 2025 रोजी धार जिल्ह्यातील भैंसोला येथे पंतप्रधानांच्या हस्ते पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कची पायाभरणी झाली. बदनावर तालुक्यातले हे गाव इंदूरहून साधारण दोन तासांवर आहे. 2,100 एकरांहून अधिक जागेत सूत कातण्यापासून तयार कपड्यांपर्यंत सगळे एकाच ठिकाणी व्हावे, अशी योजना आहे. देशात असे सात पार्क मंजूर झाले असून त्यांत अमरावतीही आहे. एकूण योजना 4,445 कोटी रुपयांची. तिचे सूत्र पाच 'एफ'चे: फार्म, फायबर, फॅक्टरी, फॅशन आणि फॉरेन.

इंदूरच्या मराठी घरांना कापड गिरण्यांचे अप्रूप नाही. हुकुमचंद, मालवा, राजकुमार, स्वदेशी, कल्याण ही नावे ऐकतच आपली पिढी मोठी झाली. अनंत चतुर्दशीला निघणाऱ्या झाक्या आजही गिरण्यांच्याच नावाने ओळखल्या जातात, गिरण्या मात्र राहिल्या नाहीत. नव्वदीच्या सुरुवातीला बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या सुमारे 4,800 कामगारांच्या थकीत देण्यांचे 224 कोटी रुपये डिसेंबर 2023 मध्ये वाटले गेले. तोवर तीस वर्षे उलटली होती आणि कित्येक घरांत पैसे घ्यायला मूळ कामगार उरलाच नव्हता. म्हणून शेजारी नवा वस्त्रोद्योग येतो आहे म्हटल्यावर आम्हाला आनंद होतो, पण त्याबरोबर एक जुना प्रश्नही मनात येतो. बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासताना आम्ही तो पहिल्यांदा विचारत असू: माल कोण घेणार?

हा प्रश्न आज कापडाच्या संशोधनालाही लागू पडतो. गेल्या दहा-बारा वर्षांत जगातील विद्यापीठांत एका विषयावर मोठे काम झाले आहे. रसायनशास्त्र, यंत्रविद्या आणि फॅशन डिझाइन एकत्र आणून जुन्या कापडापासून पुन्हा चांगले कापड करायचे, हा तो विषय. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने हेलसिंकी विद्यापीठाच्या साथीने 'आयोनसेल' नावाची पद्धत विकसित केली. लाकडाचा लगदा किंवा जुने सुती कापड एका विशिष्ट द्रवात विरघळवायचे आणि त्यातून नवा तंतू ओढायचा. नेहमीच्या व्हिस्कोसला लागणारे विषारी कार्बन डायसल्फाइड यात लागत नाही. डिसेंबर 2018 मध्ये फिनलंडच्या स्वातंत्र्यदिनाच्या समारंभाला तिथल्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बर्च झाडापासून याच पद्धतीने केलेल्या कापडाचा पोशाख घालून आल्या. तो पोशाखही आल्टो विद्यापीठातच तयार झाला होता.

दुसरे उदाहरण हाँगकाँगचे. आपण हल्ली जे कपडे घालतो त्यांतले पुष्कळसे सुती-पॉलिस्टर मिश्रणाचे असतात आणि मिश्रण वेगळे करणे हीच खरी अडचण असते. तिथल्या वस्त्र संशोधन संस्थेने पाणी, उष्णता, दाब आणि थोडे सायट्रिक ॲसिड वापरून यावर मार्ग काढला. सायट्रिक ॲसिड म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले लिंबूसत्त्व. त्या प्रक्रियेत सुताची पूड होते आणि पॉलिस्टरचा तंतू तसाच हाती लागतो. 2017 मध्ये ही पद्धत जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये तिचा प्रायोगिक कारखाना उभा राहिला.

म्हणजे शास्त्र पुढे गेले आहे. तरीही एलेन मॅकआर्थर फाउंडेशनच्या 2017 च्या अहवालानुसार कपड्यांसाठी वापरलेल्या मालापैकी पुन्हा कपड्यांत येणारा भाग एक टक्क्याहूनही कमी होता. असे का, हे समजून घ्यायला स्वीडनच्या रिन्यूसेल कंपनीची कहाणी उपयोगी आहे. आमच्यासारख्या बँकवाल्याने तर ती जरूर वाचावी.

स्टॉकहोमच्या केटीएच या तंत्रविद्यापीठातील संशोधकांच्या कामातून 2012 मध्ये ही कंपनी निघाली. जुन्या सुती कपड्यांचा लगदा करायचा, तो व्हिस्कोस करणाऱ्या कारखान्यांना विकायचा, असा धंदा. 2014 मध्ये त्यांनी जुन्या जीन्सपासून पिवळा ड्रेस करून दाखवला. 2022 मध्ये सुंड्सवाल येथे एका जुन्या कागद गिरणीच्या जागेत वर्षाला 60,000 टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला. एच अँड एम ही बडी कंपनी भागधारक होती आणि इतर ब्रँडांनीही सहकार्याच्या घोषणा केल्या होत्या. कर्जाचा प्रस्ताव म्हणून हे कागद टेबलावर आले असते, तर आम्हीही कदाचित होकार दिला असता.

25 फेब्रुवारी 2024 रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. यंत्रे चालत होती, लगदाही तयार होत होता. अपेक्षेइतक्या ऑर्डरी मात्र आल्या नाहीत आणि पुढचा पैसा उभा राहिला नाही. हा लगदा लाकडाच्या लगद्यापेक्षा महाग होता. त्यातून ब्रँड आणि लगदा यांच्यामध्ये तंतू करणारा, सूत कातणारा, विणणारा आणि शिवणारा अशी चार-पाच दुकाने होती. जास्तीचा खर्च आपल्या माथी कोणी घ्यायचा, यावर प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहत राहिला. इरादापत्र आणि पक्की ऑर्डर यांतला फरक बँकेत नव्याने लागलेल्या अधिकाऱ्याला पहिल्या वर्षी शिकवतात. इथे तो फार मोठ्या लोकांना महागात पडला. पुढे जून 2024 मध्ये एका गुंतवणूक संस्थेने कंपनी विकत घेतली आणि तिचे नाव सर्क्युलोज ठेवले.

आता आपल्याकडे येऊ. फॅशन फॉर गुड या संस्थेच्या 2022 च्या अहवालानुसार भारतात दरवर्षी सुमारे 78 लाख टन कापड कचरा म्हणून साठते आणि त्यातले निम्म्याहून थोडे अधिक आपल्या घरांतून येते. जुन्या कपड्यांचा धंदा आपल्याला नवा नाही. पानिपतमध्ये जुने लोकरी कपडे रंगांप्रमाणे वेगळे करून, पिंजून त्यांची ब्लँकेटे होतात. पुन्हा रंगवण्याचा खर्चही त्यामुळे वाचतो. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतो, म्हणून त्याचे अंगावर घालण्याजोगे कापड करणे अवघड जाते. आयआयटी दिल्लीचे संशोधक याच अडचणीवर काम करत आहेत. टाकाऊ डेनिमचे सूत काढून, ते मऊ करून, बिनशिवणीच्या विणकाम यंत्रावर त्यांनी कपडे तयार केले आहेत. असे सूत निम्म्यापर्यंत मिसळले तरी कपड्याचा स्पर्श बिघडत नाही, असे त्यांना आढळले. पानिपतात कापडाच्या पुनर्वापरासाठी आयआयटी दिल्लीचे केंद्रही आहे.

आपल्या अगदी जवळ नागदा आहे. ग्रासिमचा तिथला कारखाना 1954 पासून लगद्याचा व्हिस्कोस तंतू करतो. रिन्यूसेलचा लगदा अशाच प्रकारच्या कारखान्यांसाठी होता. सुती कापडाची कतरण मिसळून केलेला व्हिस्कोस याच बिर्ला समूहाने बाजारात आणलाही आहे. म्हणजे एका बाजूला नागदा, दुसऱ्या बाजूला भैंसोला आणि मध्ये इंदूरचे कापड मार्केट. शिक्षणाची बाजूही लंगडी नाही. इंदूरला वैष्णव विद्यापीठात टेक्स्टाइल अभियांत्रिकी शिकवतात आणि भोपाळला निफ्ट आहे. एवढी जुळणी फार थोड्या प्रदेशांच्या नशिबी असते.

पाच 'एफ'च्या सूत्रात मात्र कापड परदेशी गेले की गोष्ट संपते. तिकडचे कायदे ती संपू देणार नाहीत. युरोपीय संघात 1 जानेवारी 2025 पासून जुने कापड वेगळे गोळा करणे बंधनकारक झाले आहे. 19 जुलै 2026 पासून मोठ्या कंपन्यांना न विकलेले कपडे नष्ट करण्यास मनाई आहे. कपडा कशाचा, कुठे आणि कसा झाला, हे सांगणारा 'डिजिटल पासपोर्ट'ही येऊ घातला आहे. उद्या युरोपचा खरेदीदार विचारेल की यात पुनर्वापराचा धागा किती. त्या दिवशी उत्तर तयार नसेल, तर ऑर्डर दुसऱ्या देशाला जाईल आणि भैंसोल्यात कामाला लागलेली आसपासच्या गावांतली पोरे घरी बसतील. इंदूरने हे एकदा भोगले आहे.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. पार्कमध्ये जमीन आणि सवलती देतानाच कतरण गोळा करण्याची व्यवस्था आणि पुनर्वापराच्या धाग्याची ठरावीक खरेदी यांची अट असावी. सरकारी गणवेश, रुग्णालयांतल्या चादरी, रेल्वेची ब्लँकेटे यांच्या निविदांत अशा धाग्याला काही वाटा राखून ठेवला, तर बँकांनाही कर्ज देताना हात आखडावा लागणार नाही. संशोधनाला अनुदान मिळते ते चांगलेच, पण पहिली पाच वर्षे खात्रीचे गिऱ्हाईक मिळणे त्याहून महत्त्वाचे.

राहिला आपला वाटा. आपल्या लहानपणी बोहारीण दारात यायची. कापड बोटांत चोळून ते सुती की मिसळीचे हे ती क्षणात सांगायची आणि त्यावर पातेले द्यायचे की वाटी, हे ठरायचे. आज युरोपात हेच काम अवरक्त किरणांची यंत्रे करतात. तिच्याकडे जाण्याआधी आईच्या जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, बाळाचे दुपटे व्हायचे आणि शेवटी पोतेरे. कपडा जास्त दिवस वापरणे हाच आजही सर्वांत स्वस्त उपाय आहे, हे कोणत्याही यंत्राने खोटे ठरवलेले नाही.

आपले शहर घराघरांतून सहा प्रकारचा कचरा वेगळा घेते आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. त्यात कापडाचा सातवा प्रकार यावा, असा आग्रह आपल्या मंडळाने महापालिकेकडे धरावा. तोवर दिवाळीच्या आवराआवरीत जुने कपडे काढाल तेव्हा शुद्ध सुती आणि मिश्रणाचे असे दोन गठ्ठे करावेत. घालण्याजोगे असतील ते जवळच्या आरआरआर केंद्रात द्यावेत. सुती गठ्ठ्याला आज ना उद्या चांगला भाव येईल, असे आमचे जुने बँकवाले मन सांगते. मात्र तो देणारा कारखाना आपल्या भागात उभा राहायचा आणि टिकायचा असेल, तर त्याचा माल कोण घेणार हे आधी ठरले पाहिजे.