हास्याचा हक्क

मनुष्यप्राण्यास लाभलेल्या देणग्यांमध्ये हास्याचे मोल फार मोठे आहे. परंतु त्याचा गंभीरपणे विचार क्वचितच केला जातो. ता. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईत अंधेरीच्या लोखंडवाला वसाहतीतील बागेत डॉ. मदन कटारिया यांनी अवघ्या पाच माणसांनिशी पहिला हास्य क्लब सुरू केला. आज ठाणे, कल्याण, डोंबिवली येथेही प्रातःकाळी बागांतून हात उंचावून हसणारी मंडळी आढळतात. प्रारंभी त्या क्लबात विनोद सांगत असत. लवकरच चांगले विनोद संपले आणि उरलेले ऐकणाऱ्यांच्या मनास लागू लागले. तेव्हा विनोदावाचून हसण्याची पद्धत निघाली.

विनोद मनास का लागावा? कोणास तरी हीन लेखल्याखेरीज पुष्कळांना हसूच येत नाही म्हणून! लोकलच्या डब्यात एखाद्याच्या आडनावावरून किंवा बोलीवरून थट्टा चालते आणि तो बिचाराही, एकटे पडू नये म्हणून, सर्वांबरोबर हसतो. ते हसू केवळ ओठांवरचे असते. पुढे कोणी जाब विचारलाच, तर "गंमत केली" हे उत्तर ठरलेले. कायद्याची दृष्टी निराळी आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीचा इतर समाजातील इसमाने मानहानीच्या हेतूने लोकांदेखत अपमान करणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यान्वये गुन्हा आहे. हेतू अपमानाचा असेल, तर त्यास गमतीचे नाव देऊन सुटका होत नाही.

मग हास्य त्याज्य मानावे काय? मुळीच नाही. मज्झिमनिकायातील घटिकार सुत्ताचा आरंभच वाटेत थांबलेल्या भगवान बुद्धांच्या स्मिताने होतो. त्याच निकायात त्यांनी राहुलास थट्टेतदेखील असत्य न बोलण्याचा उपदेश केला आहे. हास्यास सत्याची मर्यादा असावी, असा याचा अर्थ मी घेतो. आंबेडकरी जलशांनी ही मर्यादा पाळून हास्याचे शस्त्र केले. भीमराव कर्डक आदी कलावंतांनी १९३० नंतरच्या काळात तमाशाचाच बाज घेऊन अंधश्रद्धेची व अस्पृश्यतेची खिल्ली उडविली. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या हसण्यावारी नेले, तेच रूढीला हसू लागले. आणि ज्या गोष्टीला माणूस एकदा मनापासून हसतो, तिचे भय त्याला पूर्वीसारखे वाटत नाही.

बंधुभगिनींनो, आता आपल्या घरात पाहा. "मुलीच्या जातीने मोठ्याने हसू नये," हे वाक्य आपल्या माजघरातून अजून गेले आहे काय? वडील घरी येताच मुलांचे हसणे थांबते काय? थांबत असेल, तर जुन्या उतरंडीची एक पायरी आपणच सांभाळून ठेविली आहे. जिथे धाकट्यांना मोकळेपणी हसता येते, तिथेच त्यांना निर्भयपणे प्रश्न विचारता येतात. मुलांना दोन गोष्टी शिकवा: दुबळ्याला हसू नये, आणि आपला अपमान झाला असता त्यात सामील होऊन हसू नये. त्यापलीकडे त्यांना, विशेषतः मुलींना, पोट दुखेपर्यंत हसू द्या.