ठेवीदाराचे हत्यार

बँकेत ठेवलेला पैसा आपण ठेवला तसा तिथे बसून राहत नाही, ही साधी गोष्ट शिकल्यासवरल्या माणसालाही चटकन पटत नाही. पुस्तकावर आकडा उमटला, की तो पैसा तिजोरीत आपली वाट पाहत निजला आहे, अशा समजुतीने आपण घरी परततो. वस्तुतः तो त्याच घडीला दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला लागलेला असतो. कोणाच्या, हे ठेवीदार विचारीत नाही आणि बँक आपण होऊन सांगत नाही. ब्रिटनमधील काही हजार ठेवीदारांनी हा प्रश्न विचारला आणि उत्तर न पटल्याने आपली खाती बंद केली. बार्कलेज बँकेवरील बहिष्कार तो हाच.

ऑक्टोबर २०२३ मध्ये हमासने इस्रायलवर हल्ला केला आणि त्यामागून गाझापट्टीत भीषण युद्ध पेटले. इस्रायलला शस्त्रे पुरविणाऱ्या कंपन्यांना बार्कलेज कर्ज देते, त्यांच्या रोख्यांच्या विक्रीची हमी घेते आणि त्यांचे शेअर बाळगते, असा पॅलेस्टाईनच्या बाजूने लढणाऱ्या संघटनांचा आरोप होता. मे २०२४ मध्ये ब्रायटनच्या 'ग्रेट एस्केप' या संगीत महोत्सवातून शंभराहून अधिक कलावंत व वाद्यवृंद याच कारणास्तव बाहेर पडले. जूनमध्ये डाउनलोड, लॅटिट्यूड आणि आइल ऑफ वाइट या तीन महोत्सवांवरील बार्कलेजचे प्रायोजकत्व स्थगित झाले. बँकेचा खुलासा असा, की शेअर आम्ही स्वतःसाठी घेत नाही, गिऱ्हाइकाच्या मागणीवरून घेतो. आणि संरक्षण-उद्योग हा राष्ट्राच्या व मित्रराष्ट्रांच्या सुरक्षिततेस आवश्यक आहे.

यातील पहिला भाग आडत्याच्या तोंडी शोभणारा आहे. माल माझा नव्हे, मी केवळ मध्यस्थ! पण आडत्याची दलाली तर त्याच्याच गल्ल्यात पडते ना? शिवाय कर्ज आणि रोख्यांची हमी यांना हा खुलासा लागू पडत नाही. तिथे निर्णय बँकेचा, जोखीम बँकेची आणि नफाही बँकेचाच. १६९० साली लंडनच्या लोंबार्ड स्ट्रीटवर ज्या सराफांनी या पेढीचा पाया घातला ते क्वेकर पंथाचे होते, युद्धाला पाप मानणारे. पेढ्यांना पूर्वजांचे स्मरण जाहिरातीपुरतेच राहते, हे आम्हांस नवे नाही.

बहिष्काराने काय होणार, असे विचारणारे शहाणे प्रत्येक गावात असतात. त्यांनी याच बँकेचा मागील इतिहास वाचावा. दक्षिण आफ्रिकेत वर्णद्वेषी राजवट होती आणि तेथील सर्वांत मोठ्या बँकांपैकी एक बार्कलेजची होती. १९७० च्या सुमारास ब्रिटिश विद्यार्थ्यांनी तिच्यावर बहिष्कार पुकारला. त्या वेळच्या आक्षेपांपैकी एक मोझांबिकमधील काबोरा बासा धरणाला मिळणाऱ्या आर्थिक मदतीविषयी होता. मोझांबिक तेव्हा पोर्तुगालच्या टाचेखाली होते. १९६१ साली गोव्यातून ज्यांना जावे लागले तेच हे राज्यकर्ते, हे आमच्या गोमंतकीय वाचकांस सांगावयास नको. पुढे जून १९७६ मध्ये सोवेटोत शाळकरी मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर काही महिन्यांतच बार्कलेजच्या तेथील बँकेने सरकारचे एक कोटी रँडचे संरक्षण रोखे विकत घेतले. म्हणजे लीड्स-मँचेस्टरच्या विद्यार्थ्याचे खाते आणि प्रिटोरियाच्या सरकारची बंदूक यांच्यामध्ये एका बँकेच्या नावाचेच काय ते अंतर उरले. विद्यार्थ्यांनी ते अंतर मोजले. नव्या विद्यार्थी-खात्यांतील बँकेचा वाटा सुमारे २७ टक्क्यांवरून १५ टक्क्यांच्या आसपास उतरला. नोव्हेंबर १९८६ मध्ये बार्कलेजने दक्षिण आफ्रिकेतील आपला उरलेला हिस्सा विकला. कारण व्यापारी आहे, असे बँकेने सांगितले. असेल, विद्यार्थी दाराशी येत नाहीत हेही व्यापारी कारणच होते. सोळा वर्षे मात्र लागली. एका पावसाळ्यात पीक हाती मागणाऱ्यांचे हे काम नव्हे.

आता जो आक्षेप आम्ही खरोखर गंभीर मानतो त्याकडे वळू. हे बेळगाव मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे. या भागात असे गाव विरळा, जिथल्या एखाद्या घरातून कोणी पलटणीत गेलेला नाही. शस्त्रनिर्मिती हेच पाप, असे या घरांना आम्ही सांगू लागलो तर आमच्या तोंडावर दार लावले जाईल, आणि ते योग्यच होईल. सैनिकाच्या हाती चांगली बंदूक हवी. ती कोणीतरी घडविणार आणि त्या कारखान्याला कोणीतरी भांडवल पुरविणार. २०२२ मध्ये रशियाने युक्रेनवर आक्रमण केल्यावर स्वीडनच्या एसईबी बँकेने शस्त्रकंपन्यांवरील आपले निर्बंध सैल केले, त्यालाही आम्ही नाक मुरडणार नाही. परंतु देश आपल्या सैन्यासाठी शस्त्र घेतो तेव्हा त्याचा जाब संसदेत विचारता येतो. बँक परमुलखातील युद्धावर दलाली मिळविते तेव्हा तिला जाब कोठे विचारावयाचा? रेषा ओढता येत नाही, हे म्हणणेही खरे नाही. बेल्जियमने २००७ साली क्लस्टर बॉम्ब बनविणाऱ्या कंपन्यांत पैसा गुंतविण्यास कायद्याने बंदी घातली. त्या देशाने आपले सैन्य काही मोडीत काढले नाही.

जून २०२४ मध्ये बार्कलेजच्या शाखांवर रंग ओतला गेला, काचा फोडल्या गेल्या. हे आम्हांस मान्य नाही. खिडकीआडचा कारकून रोख्यांची हमी देत नसतो. साराबंदीपासून १ नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या हरताळापर्यंत सीमाभागाने जे केले त्यात आपले स्वतःचे दुकान बंद ठेवून आपलेच नुकसान सोसणे होते. बहिष्काराचे बळ त्या सोसण्यात आहे. खाते बंद करणारा पदरचे व्याज सोडतो, नव्या बँकेचे हेलपाटे घालतो, आणि म्हणूनच त्याचा शब्द ऐकला जातो. फुटलेल्या काचेची भरपाई विमा कंपनी देते.

आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांचे बार्कलेजमध्ये खाते असेल. पण पतपेढीत, सहकारी बँकेत, राष्ट्रीयीकृत बँकेत पैसा प्रत्येकाचा आहे. मोठ्या बँकांच्या वार्षिक अहवालात कोणत्या उद्योगाला किती कर्ज दिले याचे आकडे असतात. कोणत्या कंपनीला, हे नसते. विचारले तर ग्राहकाच्या गुप्ततेचे कारण पुढे येते. शेतकऱ्याचे पाच हजारांचे कर्ज थकले तर त्याचे नाव चावडीवर लागते, तिथे ही गुप्तता आड येत नाही. सहकारी बँकेत तर एका सभासदाला एक मत आहे, मग त्याचे शेअर दहा असोत वा दहा हजार. येत्या सर्वसाधारण सभेत अहवाल 'वाचला असे समजून' मंजूर करण्याचा ठराव येईल. तेव्हा एखाद्या सभासदाने उठून सांगावे, की मी तो वाचलेला नाही, आणि मोठ्या कर्जदारांची यादी वाचून दाखविण्याची मागणी करावी.