हिंगोलीच्या घरात निळ्या लेझरचे काय काम?

२००६ साली तोशिबाने ‘एचडी डीव्हीडी’ बाजारात आणली आणि पाठोपाठ सोनीच्या गोटातून ‘ब्लू-रे’ आली. दोन्हींत निळसर-जांभळा लेझर, दोन्हींत १९२० बाय १०८० बिंदूंचे चित्र. तरी एकीची डिस्क दुसरीच्या प्लेअरमध्ये चालेना. स्पर्धेमुळे ग्राहकाला निवड मिळेल, किमतीही उतरतील, असे या लढाईचे समर्थक सांगत. हा दावा तपासला की टिकत नाही.

निवड कसली? इथे चित्रपटच वाटून घेतले होते. युनिव्हर्सलचा हवा तर एचडी डीव्हीडी, डिस्नेचा हवा तर ब्लू-रे. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नर ही चित्रपट कंपनी ब्लू-रेच्या बाजूला गेली आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने माघार जाहीर केली. कंपनी दुसऱ्या धंद्याला मोकळी झाली. प्लेअर विकत घेणाऱ्यांच्या हाती मात्र नवे चित्रपट मिळणे बंद झालेले यंत्र उरले.

स्पर्धेने किंमत उतरते हे खरे, पण त्यासाठी सगळ्यांचा साचा एक लागतो. २००७ मध्ये मोझर बेअर या भारतीय कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना आणली. कोणत्याही कंपनीच्या साध्या प्लेअरवर त्या चालत. सोनीचा पहिला ब्लू-रे प्लेअर मात्र अमेरिकेत सुमारे १,००० डॉलरला विकला गेला होता.

एचडी डिस्कच्या बाजूने केला जाणारा दुसरा दावा पाचपट तपशिलाचा. हिशेब बरोबर आहे: डीव्हीडीच्या ७२० बाय ५७६ बिंदूंच्या तुलनेत एचडीचे बिंदू पाचपट. पण ते दिसायला तसा टीव्ही संचही हवा. १९९९ साली परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा २०११ च्या जनगणनेतही सुमारे ८५ टक्के ग्रामीण होता. औंढा नागनाथ, सेनगाव, कळमनुरीच्या गावांत तेव्हा जो टीव्ही होता, तो बहुधा पिक्चर ट्यूबचा. त्याच्या ५७६ ओळींत एचडीचा तपशील मावणारच नव्हता. त्यातून भारनियमन. या प्रेक्षकाला हवी होती स्वस्त, कुठेही चालणारी डिस्क आणि वीज.

मग एचडी डिस्क निरुपयोगीच म्हणायची का? मुळीच नाही. ‘आता सगळे ऑनलाइन मिळते’ म्हणत डिस्क मोडीत काढणारेही तितकेच चुकतात. ऑनलाइन सेवेचा हक्काचा करार संपला की चित्रपट तिथून निघून जातो. विकत घेतलेली डिस्क रेंज नसली तरी चालते. शिवाय सार्वजनिक वाचनालयात प्रोजेक्टरवर प्रभातचा ‘संत तुकाराम’ (१९३६) दाखवायचा, तर भिंतीएवढ्या चित्रात डीव्हीडीची मर्यादा उघडी पडते. तिथे ५० जीबीची ब्लू-रे खरोखर उपयोगी आहे.

म्हणून जुने मराठी चित्रपट मूळ फिल्मवरून नीट स्वच्छ करून ब्लू-रेवर काढावेत आणि जिल्ह्याजिल्ह्यांतल्या वाचनालयांना परवडतील अशा दरात द्यावेत. त्याच पाकिटात एक साधी डीव्हीडीही असावी, म्हणजे सेनगावातल्या घरचा जुना प्लेअरही तो चित्रपट दाखवू शकेल.